रायभानचं घोंगडं आणि तांब्याभर पाणी

घनसावंगीजवळच्या त्या गावात रायभानकडं घोंगडं घ्यायला जाणाऱ्याला एक सोहळा मुकाट्यानं बघावा लागतो. रायभान चौघांना घोंगड्याचे चार कोपरे धरायला लावतो, मधल्या खोलगटात तांब्याभर पाणी ओततो आणि निवांत चहा पितो. चहा संपेस्तोवर खालून थेंब पडला, तर ते घोंगडं विकायचं नाही. चाळीस वर्षांत असं दोनदाच झालं, आणि दोन्ही वेळा दोष लोकरीचाच होता म्हणे! स्वतःची चूक कबूल करायचा या माणसाचा स्वभाव नाही. पण मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला, की नुसत्या बोटांनी तो सुताचा ताण ओळखतो. बायको सखूबाई सुताला लावायची चिंचोक्याची खळ शिजवते, ती झाली की नाही हे हा अंगणातून वासावरून सांगतो. अशा माणसानं थोडा तोरा मिरवला तर बिघडलं कुठं?

जालन्यात घरसजावटीचं प्रदर्शन भरणार होतं. माती, बांबू, दगड, लोकर, सगळं हातानं घडवलेलं. ते मांडणारी अंतरा, तिथलीच इंटिरियर डिझायनर, गावात येऊन एक काळं घोंगडं घेऊन गेली. जीप सुटायला आली होती, त्यामुळं पाण्याचा सोहळा तेवढा राहून गेला.

उद्घाटनाला रायभान कडक धोतरात हजर. खांद्यावर त्याचं स्वतःचं बारा वर्षांचं घोंगडं. दालनात सागाच्या बाकावर त्यानं विणलेलं काळं घोंगडं ऐटीत पसरलेलं, शेजारी त्याच्या नावाची पाटी. लोक हात फिरवून म्हणत होते, "अहाहा, काय मऊ आहे!"

मऊ? रायभानच्या कपाळाला आठी पडली. त्यानं कोपरा चिमटीत धरला, नाकाला लावला. मोगऱ्याचा वास!

"ताई, हे धुतलं का काय?"

"हो मामा, टोचत होतं ना. गरम पाण्यात शाम्पू घालून दोनदा धुतलं. सकाळपासून अकरा जणांनी मागितलंय, अगदी असंच!"

रायभाननं कोपरा हातातून सोडला. गावात घोंगडं कुणी धूत नाही, उन्हात टाकतात; धुतलं की खळ निघून जाते आणि पाणी अडत नाही. शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम सांगावी लागते, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला राग आला, आणि रागाहून जास्त लाज वाटली. पाटीवर नाव त्याचं होतं. गप्प बसला तर अकरा घरांत त्याच्या नावानं ही मऊ चिंधी जाणार होती.

त्यानं हाक दिली. "चौघंजण या इकडं. कोपरे धरा बराबर."

पाहुण्यांसाठी ठेवलेला पाण्याचा जग त्यानं घोंगड्यात रिकामा केला. क्षणात चकचकीत फरशीवर धार लागली. बायका साड्या सावरत मागं सरल्या.

"इणलं म्या, पर आता हे माझं न्हाई. पाटी काढा," रायभान म्हणाला. मग खांद्यावरचं घोंगडं त्याच चौघांच्या हातात दिलं, दुसरा जग ओतला आणि चहा मागवला. सगळे वाकून खाली बघत राहिले. रायभाननं बशीत ओतून, फुंकर मारत, सावकाश चहा संपवला. फरशीवर नवा थेंब नव्हता.

अंतराचा चेहरा उतरला होता. "चुकलं माझं, मामा. विचारायला हवं होतं."

"म्या बी सांगाया पाह्यजे व्हतं. पैल्यांदाच चुकलो बघा." हे वाक्य ऐकायला सखूबाई तिथं हवी होती.

अंतरानं आतलं पाणी ओतून दिलं, स्वतःच्या हातानं बाकावर ते जुनं, खरखरीत घोंगडं पसरलं आणि पाटी त्याच्याशेजारी लावली. मग मागणी करणाऱ्यांना एकेकाला बोलावून त्यावर हात फिरवायला लावला. सात जणांनी हात झटकले.

"चारच राहिले, मामा," ती खाली मान घालून म्हणाली.

"चार बास झाले की, ताई," रायभान म्हणाला. "धरायला चारच लागतेत."