सहावी शहाणी

बहात्तरच्या दुष्काळात, ऐन नाताळच्या तोंडावर, मला अधिकृतपणे मूर्ख ठरवण्यात आलं. पाळकसाहेबांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात यादी लिहून देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, दाराला चिकटवली होती. तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि वर्गात माझा दुसरा नंबर होता.

नाटक दहा कुमारींच्या दाखल्यावर होतं. दहा जणी दिवे घेऊन नवरदेवाची वाट बघत बसतात. पाच शहाण्या जादा तेल आणतात, पाच मूर्ख आणत नाहीत. नवरदेवाला उशीर होतो, मूर्खांचे दिवे विझतात, त्या तेल आणायला जातात तेवढ्यात दार बंद होतं. दिवा म्हणजे विश्वास, असं पाळकसाहेब तालमीत रोज सांगत.

शहाण्यांना पांढरी साडी हवी होती. सुप्याच्या अलीकडच्या आमच्या गावात, ख्रिस्ती आळीत, न फाटलेल्या पांढऱ्या साड्या पाचच निघाल्या. त्या ज्यांच्या घरी होत्या त्यांच्या लेकी शहाण्या झाल्या. उरलेल्या आम्ही.

आईने यादी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. ती दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायची आणि दर शनिवारी देवळातल्या कंदिलांच्या काचा राखेने घासायची. त्या कामात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं, आणि हे तिला पुरेपूर ठाऊक होतं.

"मंजी तुजा दिवा इझनार?"

"नाटकात, आई."

"समद्या गावाम्होरं माज्या लेकीचा इस्वास इझनार. आन म्या म्होरं बसून बघायचं व्हय?"

मी म्हटलं, पाळकसाहेबांनीच तसं ठरवलंय, मूर्खांच्या पणतीत अर्धाच चमचा तेल घालायचं आहे. ती गप्प बसली. आई गप्प बसली की आमच्या घरात मांजरसुद्धा जपून चालायचं. त्या दिवसापासून आमच्या भाजीची फोडणी बंद झाली. मला वाटलं, रेशनचं तेल संपलं असेल.

नाताळच्या संध्याकाळी दिवस मावळायला देवळापुढे सगळं गाव जमलं. मराठा आळीतले शेतकरीही पोरंबाळं घेऊन आले होते. आमच्या नाटकाला ते दरवर्षी येत आणि आमच्यापेक्षा मोठ्याने हसत. पडदा म्हणून लावलेल्या चादरीमागे आईने माझ्या हातात आमच्या घरची पणती ठेवली. अर्धा चमचा कसला, काठोकाठ भरलेली. आठ दिवसांची फोडणी त्या पणतीत होती.

"सांडू नगं," एवढंच म्हणाली, आणि जाऊन पहिल्या रांगेत बसली.

भजन सुरू झालं, आम्ही दहाजणी झोपेचं सोंग घेऊन बसलो. तिसऱ्या कडव्याला चार मूर्खांचे दिवे शहाण्यासारखे विझले. माझा मात्र लग्नघरासारखा उजळत होता. पाळकसाहेब कोपऱ्यातून गाल फुगवून दाखवू लागले: फुंक मार. पण आमच्या घरात दिव्याला कधी कुणी फुंकर घातली नव्हती. दिवा विझवायचा नसतो, शांत करायचा असतो, तोही घरच्या बाईने. आणि घरची बाई समोरून पापणी न हलवता माझ्याकडे बघत होती.

वाईट म्हणजे पुढचं वाक्य माझंच होतं: आमचे दिवे विझले, आम्हाला तेल द्या. मी उभी राहिले. हातातल्या पणतीने माझं नाकसुद्धा लख्ख दिसत असणार. मी बाकीच्या चौघींकडे बोट दाखवून म्हणाले, "यांचे दिवे विझले. यांना तेल द्या."

हशा झाला. शहाण्यांनी पाठ केल्याप्रमाणे नकार दिला. चौघी तेल आणायला निघून गेल्या. मी कशाला जाऊ? मी तिथेच उभी राहिले.

मग नवरदेव आले. म्हणजे आमचे गुरुजी, फेटा बांधून. त्यांनी पाच शहाण्यांना देवळाच्या दारातून आत घेतलं, दाराला हात घातला आणि मला बघून थबकले. एकदा माझ्या दिव्याकडे, एकदा पाळकसाहेबांकडे, असं त्यांचं सुरू झालं.

मराठा आळीतला एक म्हातारा मागून म्हणाला, "ओ गुरुजी, तिचा दिवा चालू हाय की. घ्या तिला आत. बाकीच्यांचं मागनं बघू."

गुरुजींनी मान तुकवली आणि मला आत घेतलं. मी अशी गेले की त्या दारातून आजवर कुणी नवरीही गेली नसेल.

नाटक संपल्यावर पाळकसाहेब आईपाशी आले. आवाज खाली ठेवून म्हणाले, "बाई, शास्त्रात शहाण्या पाचच आहेत."

आईने डोक्यावरचा पदर नीट केला. "साहेब, शहानी कोन? तुमीच सांगितलं, जी तेल आनती ती. माजी पोर तेल घिऊन आल्ती."

पाळकसाहेबांनी वाकून पणतीत किती तेल उरलंय ते पाहिलं. मग म्हणाले, "रविवारी प्रार्थनेला या. मला प्रवचन बदलावं लागेल." आणि त्यांनी खरंच ते बदललं. त्या रविवारी आमच्या देवळात शहाण्या सहा होत्या.

घरी येईपर्यंत आईने पणती मला शांत करू दिली नाही. ती पुढे, हाताचा आडोसा धरून, मी मागे. वाटेत दारादारांतून लोक बघत होते आणि आई मुद्दाम सावकाश चालत होती. घरी आल्यावर तिने वात तेलात ओढून दिवा शांत केला आणि उरलेलं तेल वाटीत काढून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या भाजीला फोडणी पडली. तिला जरा वातीचा वास होता. आम्ही चाटूनपुसून खाल्ली.