पिवळा, हिरवा आणि आमची आत्या

आत्या कोळंबीच्या बीजकेंद्रात टाक्यांचं पाणी तपासते. त्यात दोन जंतू सापडतात, सख्खे चुलतभाऊ. बशीत साखरेच्या खुराकावर वाढवले की एक पिवळा दिसतो, तो गरीब. दुसरा हिरवा, तो पिल्लांच्या जिवावर उठलेला.

परवा साहेबांनी फ्रीजमधली बशी उघडली आणि ओरडले, "हिरवा! टाक्या ओतून द्या!"

"थांबा हो," आत्या म्हणाली. "पिवळा गारठला की हिरवा पडतो. सकाळी तो हळदीसारखा होता, वहीत लिहिलंय."

"खात्री काय?"

"नवी बशी लावते. उद्यापर्यंत टाकीला हात लावलात तर गाठ माझ्याशी आहे!"

दुसऱ्या दिवशी बशी पिवळीधमक निघाली. पाच लाख पिल्लं वाचली. आता साहेब फ्रीज उघडण्याआधी आत्याला विचारतात. घरी आम्ही पहिल्यापासूनच विचारतो.