ठकीची न चिकटणारी पट्टी

ठकी माझी सख्खी धाकटी बहीण. आधीच सांगून ठेवतो, नंतर कोणी म्हणायला नको की हा दुसऱ्याच्या हुशारीवर मिशीला पीळ देतोय. मी नववी पास, लाँड्री चालवतो. ती कापडाच्या प्रयोगशाळेत आहे. कोळंबीच्या टरफलांपासून एक पावडर करतात. ती आंबट पाण्यात विरघळवून ठकी त्याचा लेप सुती जाळीच्या पट्टीवर चढवते. साधी पट्टी जखमेला चिकटते आणि काढताना नवी कातडी ओढून आणते, म्हणून हा उद्योग.

शेजारच्या सुतारकाकांचा पाय भाजला होता. रोज सकाळी पट्टी काढताना त्यांची बोंब दवाखान्याच्या जिन्यापर्यंत ऐकू यायची. नवी पट्टी आपल्यावर लावून बघायला त्यांनीच पहिली संमतीची सही दिली. पण लेप कापडावर बसेल तर ना! वाळला की पापुद्रे सुटायचे. प्रयोगशाळेच्या साहेबांनी सांगून टाकलं, "आणखी एकदा करा. नाही जमलं तर काम बंद."

त्या दुपारी ठकी लाँड्रीत येऊन बसली. तोंड एवढंसं.

"दादा, लेपाचं प्रमाण सतरा वेळा बदललं रे."

"आणि कापड?"

"ते धुतलेलंच येतं. गिरणीच्या कागदावर लिहिलेलं असतं."

"कागदावर! लाँड्रीवाल्याची बहीण ना गं तू?"

एवढं पुरे झालं. पोरीने पिशवीतून कोरी पट्टी काढली, चार पदरी घडी घातली आणि वर पाण्याचा थेंब सोडला. लहानपणी लाँड्रीच्या भट्टीपाशी, कापड नीट धुतलं गेलं का ते बघायला आम्ही हेच करायचो. थेंब मुरलाच नाही. मण्यासारखा बसून राहिला.

"खळ!" ती ओरडली. "विणताना सुताला लावलेली मेणचट खळ गेलीच नाहीये! लेप कापडावर नाही, खळीवर बसतोय!"

"मी तेच म्हणणार होतो."

"हो तर!"

तिने कापड सोड्यात उकळलं, आठ पाण्यांतून काढलं. आता थेंब टाकला की गडप. लेप असा बसला की साहेबांनी पट्टी मुठीत चुरगाळली तरी पापुद्रा म्हणून सुटला नाही. सगळ्या तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी होकार दिला आणि एका सकाळी काकांच्या पायाला ठकीची पट्टी बांधली.

दुसऱ्या दिवशी लाँड्री बंद ठेवून मी दवाखान्यात हजर. काकांनी डोळे गच्च मिटले, माझा हात पिरगाळून धरला. नर्सबाई वाकल्या, पुन्हा सरळ झाल्या.

काका डोळे मिटूनच खेकसले, "अहो बाई, काढा की एकदाची! किती वाट बघायची माणसाने?"

पट्टी बाईंच्या हातात होती.