टाचेजवळचा डाग

नव्वदच्या दशकात मी ठाण्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होतो आणि फावल्या वेळात तिळांचे फोटो जमवत होतो. तीळ साधा आहे की कॅन्सरची सुरुवात, हे चित्रावरून ओळखणारा प्रोग्रॅम मी लिहीत होतो. आकार वेडावाकडा आहे का, कडा कुरतडल्यासारखी आहे का, रंग एकच की मिसळलेला, एवढंच तो पाहायचा. त्याला शिकवायला एका परदेशी पुस्तकातली चित्रं होती. गोऱ्या पाठी, गोरे दंड.

आपल्याकडची चित्रं बायकोने मिळवून दिली. डोंबिवलीच्या आमच्या गॅलरीत दुपारी उजेड छान यायचा. ती नात्यातल्या बायकांना चहाला बोलवायची आणि हळूच म्हणायची, "ह्यांना जरा तुमचा तीळ द्या." स्कॅनरमध्ये रंग बदलतात, म्हणून रंग ताडून पाहायला तिळाशेजारी लाल टिकली लावायची युक्ती तिचीच. एकदा तिची वहिनी म्हणाली, "भावोजी, माझा तीळ भाग्याचा आहे हं. मशीनला म्हणावं, नजर लावू नको."

"लावू दे," बायको म्हणाली. "त्या भाग्याने दादा किती सुखात आहे, बघतेय मी."

तळपायाचा फोटो मात्र एकही नव्हता. बाईमाणसाला माझ्यासमोर पाय करून बसायला सांगणं मला सुचणंच शक्य नव्हतं.

मग एका दुपारी बायकोनेच स्टुलावर पाय ठेवला. "नवऱ्याकडे पाय केलाय, देवा माफ कर," म्हणत हसली. टाचेजवळ काळा डाग होता. "वाढलाय हो हा. डॉक्टरांना दाखवू का?"

"थांब, आधी आपल्या घरच्या डॉक्टरला विचारू," मी म्हणालो.

फोटो धुऊन आला, कॉलेजात स्कॅन झाला. प्रोग्रॅमने डाग साधा ठरवला. तळपायाची जाड, रेघारेघांची कातडी त्याने कधी पाहिलीच नव्हती, आणि हे मला ठाऊक होतं. तरी घरी येऊन सांगितलं, "काही नाही, चप्पल घासत असेल."

"मग झालं तर," म्हणून ती भाजी निवडायला बसली.

पुढच्या वर्षी डाग चिघळला, जांघेत गाठ आली. आम्ही गेलो तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं.

तेराव्याला वहिनी रडत म्हणाली, "किती सोसलं हिने, कुणाला बोलली नाही." मी मान हलवली. मुलीलाही तेच सांगत आलो. आईने दुखणं अंगावर काढलं म्हणून मुलगी अजून तिच्यावर रागावते. तो राग तिने माझ्यावर धरायला हवा. तिची आई बोलली होती. तिने दाखवलंही होतं.

परवा मुलीने आईचे त्या वेळचे फोटो मागितले. ते देताना सोबत हे लिहिलेलंही देणार आहे. फोटो पुष्कळ आहेत. मानेवरचा तीळ, दंडावरचा, कानामागचा, सगळे अगदी जवळून घेतलेले. चेहरा एकातही नाही. फोटो काढताना ती सारखी बोलत असायची, आणि मी म्हणायचो, "हलू नकोस गं." रोज दुपारी ते समोर मांडतो. तिची मान दिसते, पण ती कुणाकडे बघून हसत होती ते चौकटीबाहेर राहिलं आहे.