बिनकाट्याची मासळी

माझ्या भावाला तिशी गाठेपर्यंत मासा कसा खायचा ते माहीत नव्हतं. आम्ही खाडीकाठची माणसं. आमच्याकडे भाजी म्हणजे त्या दिवशी मासळी न मिळाल्याची शिक्षा. तरीही भाऊ जेवायला बसला की आई त्याच्या शेजारी पाट ओढून बसायची, त्याच्या ताटातला मासा उचलायची, पाठीकडून उकलून मधला काटा ओढायची, मग बारीक काटे बोटांनी चाचपून चाचपून काढायची आणि नुसतं मांस भाताच्या कडेला रचून ठेवायची. तोवर तो मोबाइल बघत असायचा. पहिलीत होता तेव्हा मोबाइल नव्हता, तेव्हा भिंतीकडे बघायचा. बाकी सगळं तसंच. मधल्या काळात त्याला फक्त मिशा आल्या.

माझं ताट कधी कुणी चाचपलं नाही. मी शाळेतही जात नव्हते तेव्हा एकदा घशात काटा अडकला. आईने भाताचा कोरडा गोळा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "गिल." मी गिळला. काटा गेला. "आता डोले उघडे ठेवून खा," एवढं बोलून ती उठली. मी भावापेक्षा मोठी. पुढे माझं लग्न झालं, मोडलं, मी परत घरी आले, कामतघरला कापडाच्या एका ऑफिसात कामाला लागले. आज ऑफिसातल्या मुली म्हणतात, ताई, तुम्ही किती इंडिपेंडंट. मला हसू येतं. मला कुणी पायावर उभं केलं नाही, कुणी कडेवरच घेतलं नाही म्हणून मी उभी राहिले. यात माझं कर्तृत्व कुठलं?

भावाला मात्र आईने तळहातावरच्या फोडासारखा जपला. वडील गेले तेव्हा तो अंगणात रांगत होता, हे कारण ती कायम सांगायची. तो पडेल म्हणून त्याला झाडावर चढू दिलं नाही, बुडेल म्हणून खाडीत उतरू दिलं नाही. आमची शेती गोडाऊनवाल्यांकडे गेली तेव्हा तिने एकच अट घातली, पोराला तिथेच ऑफिसात बसवायचा. म्हणजे ज्या जमिनीवर आमचा भात व्हायचा त्याच जमिनीवर, पत्र्याखाली, एसीमध्ये माझा भाऊ बसू लागला. घरापासून चालत पोचता येईल इतक्या अंतरावर. दुपारी आई डबा घेऊन जायची. गेटवरचा वॉचमन तिला सलाम करायचा आणि ती वळली की दात काढायचा. मी पाहिलंय.

गावात पोरांच्या वाढदिवसाला फ्लेक्स लागतात. भावाचाही लागायचा. काळा गॉगल, गळ्यात सोन्याची जाड चेन, मोठ्या बाईकवर एक पाय टाकलेला, खाली 'गावचा वाघ, युवकांचे आशास्थान'. त्या फोटोसाठी शर्टाला इस्त्री आईने केली होती आणि फोटो काढण्याआधी स्वतःच्या पदराने वाघाचं तोंड पुसलं होतं. तो मुकाट्याने तोंड पुढे करून उभा होता. मी मोठ्याने हसले, तर आई म्हणाली, "तुला जलतंय." खरं होतं. जळत होतंच. कुणी माझं तोंड पुसावं असं मलाही वाटायचं, आणि तिशीच्या बाप्याचं पुसलं जातंय याची शिसारीही यायची. दोन्ही एकदम.

अशा माणसाशी वहिनीचं लग्न झालं. ती गणेशपुरीकडची, नारपोलीत रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये कामाला. बोलणं कमी, हात स्थिर. मुलगी बघायला गेलो तेव्हा तिने भावाला विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?" आणि आई म्हणाली, "त्याला सगला चालतं." वहिनीने आईकडे पाहिलंच नाही. भावाकडेच बघत राहिली. तो लाजून हसला. तिला वाटलं असेल, लाजाळू आहे.

लग्नानंतर पाचपरतावनाला नवराबायको तिच्या माहेरी गेले, सोबत पाठराखीण म्हणून मी. तिच्या काकवांनी मुद्दाम तानसा नदीची मासळी केली होती, काट्याकाट्यांची. नव्या जावयाची थोडी गंमत करायची पद्धतच आहे. सगळ्याजणी पदर खोचून त्याच्याभोवती उभ्या. भाऊ रश्शात भात कालवत राहिला. एक काकू म्हणाली, "जावईबापू, तुकड्याला हात लावा की. का आमचं आवडलं न्हाय?" त्याने इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या पाटावर आई नव्हती. मग त्याने अख्खा तुकडा उचलून तोंडात टाकला, भजी टाकावी तसा.

पुढचं मी कधी विसरणार नाही. त्याचा चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि भरल्या घरात, सासरच्या बायकांसमोर, त्याने हाक मारली, "आये!"

घर हसलं. मीही हसले, पोट धरून हसले. फक्त वहिनी हसली नाही. तिने त्याची मान वर केली, मोबाइलच्या उजेडात घसा बघितला, दोन बोटं आत घातली आणि काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. मग सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. मी दारातच उभी राहिले. तिने दुसरा तुकडा घेतला आणि त्याला दाखवला. इथून उकलायचा. हा मधला काटा असा ओढायचा. आता जिभेने चाचपा, घाई करू नका. त्याने तसं केलं. मासा कुस्करला, निम्मा खाली सांडला, पण खाल्ला. मग आणखी एक मागितला. त्याच्या तोंडावर जो आनंद होता तो त्याच्या कुठल्याच फ्लेक्सवर मी पाहिला नव्हता.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी आईने पाट ओढला तेव्हा तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे आये, मी काढतो."

आईने पाट उचलून भिंतीला लावला आणि त्या दिवसापासून घरात मासळी आणायची बंद केली. डाळ, अंडी, बटाटा. मावरेवाली मासळीची टोपली घेऊन दारात येऊन हाक मारायची आणि आई आतूनच सांगायची, "आमच्याकडं आता लोकांना काटे काढता येतात, त्यांनाच इचार." भाऊ मावरेवालीपुढे उभा राहायचा तर त्याला ताजी कुठली, शिळी कुठली कळायचं नाही. वहिनीने एकदा आणून रांधली. आईने त्या दिवशी उपास धरला आणि शेजारणीला ओट्यावर बसवून सांगितला. गावात झालं, नव्या सुनेने सासूच्या तोंडचा घास काढला. शेवटी एका रविवारी भाऊ डाळभातावर बसल्या बसल्या म्हणाला, "आये, तूच काढून दे, पन मासा कर." संध्याकाळी घरात कालवणाचा वास सुटला. आई गुणगुणत होती.

वहिनी त्यानंतर भांडली नाही. मला तेच भीतीदायक वाटलं. तिने लॅबजवळ नारपोलीत एक खोली बघितली आणि मला गच्चीवर नेऊन सांगितलं, "ताई, मी आईंशी लढणार नाही. मला एवढंच बघायचंय, यांच्यात माणूस आहे की नाही. माझ्यासोबत आले, टिकले, तर संसार. नाही टिकले तर मी गणेशपुरीला जाईन आणि परत येणार नाही. माझ्या आईला सांगून ठेवलंय." ती रागात नव्हती, हेच तर. रिपोर्ट वाचून दाखवावा तसं बोलत होती.

भाऊ गेला तिच्याबरोबर. मला खरंच वाटलं नव्हतं. बॅग आईनेच भरली, बनियनच्या घड्या घालून. रडली नाही. रिक्षा वळेपर्यंत दारात उभी राहिली.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा वहिनी ड्युटीवर होती. खाली कापडाचे लूम चालत होते, खोलीची फरशी पायाखाली थरथरत होती, बोलायचं तर ओरडूनच. भावाने मला चहा करून दिला. साखर इतकी की दात आंबले. गॅलरीत त्याने स्वतः धुतलेले कपडे वाळत होते, साबण नीट न निघाल्यामुळे कडक झालेले. बोटावर भाजल्याचा डाग होता आणि तो डाग मला मेडल दाखवावं तसा दाखवला. गोडाऊनला आता तो दोन रिक्षा बदलून जायचा आणि रिक्षावाल्यांशी हिंदीत भांडायचासुद्धा. म्हणाला, "ताई, इथं मना कोन बाला म्हनत न्हाय." आमच्याकडे लहान पोराला बाला म्हणतात. आई त्याला अजून तेच म्हणायची, गोडाऊनच्या मॅनेजरसमोरही.

घरी येऊन मी आईला मुद्दाम सांगितलं, तो चहा तुझ्यापेक्षा चांगला करतो. तिला लागावं म्हणूनच सांगितलं. लागलं. चेहऱ्यावर दिसलं, आणि मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून आई डबा घेऊन नारपोलीला जायला लागली. भावाची शिफ्ट आता सकाळची, दुपारी सुटायची, वहिनी संध्याकाळी यायची. मधल्या वेळात आई. काटे काढलेली मासळी, मऊ भात, वर लिंबू. जेवण झालं की डबा घासून, खिडक्या उघडून, वास घालवून ती वहिनी यायच्या आत निघायची. रात्री भाऊ वहिनीसमोर पुन्हा जेवायचा. त्याचं पोट सुटलं. तिला वाटलं, संसार मानवतोय.

मग एक दिवस लॅबमध्ये लाइट गेली म्हणून वहिनी लवकर घरी आली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत आई भावाला घास भरवत होती. ताटात वाढून देत नव्हती, हाताने तोंडात भरवत होती. वहिनी जिन्यात जाऊन बसली. आई उतरताना तिच्या अंगावरून गेली, म्हणाली, "आलीस गं?" आणि चालू पडली. हे मला वहिनीने नंतर फोनवर सांगितलं. वर जाऊन ती भावाला एवढंच बोलली, "आईंना सांगा, उद्यापासून येऊ नका. मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं, आज, आणि परत इथे यायचं."

तो तसाच शेजाऱ्याची बाईक मागून घेऊन आमच्याकडे आला. मी घरी होते. आई ओट्यावर बसून भिजवलेले वाल सोलत होती. भाऊ तिच्यासमोर उभा राहिला. हेल्मेट हातात. रस्ताभर पाठ करत आला असणार, ओठ हलत होते. मी मनात म्हणत होते, बोल, गधड्या, एक वाक्य आहे, बोल.

"आये," तो म्हणाला, "ती म्हनते तू येऊ नको." थांबला. "मी काय करू?"

आईने मान वर केली. जन्मापासून त्याने कुठल्या रंगाचा शर्ट घालायचा, कुणाशी खेळायचं, कुठे नोकरी करायची, हे सगळं ठरवणारी ती बाई शांतपणे म्हणाली, "मना काय इचारतंस? मोठा झालास आता. तुला वाटंल ता कर."

आणि पुन्हा वाल सोलायला लागली.

मी माझ्या आईला चांगली ओळखते. ती ओरडली असती, रडली असती, छाती पिटली असती, तर तो कदाचित चिडून निघून गेला असता. तिने दार सताड उघडं ठेवलं. तो खाली बसला. हेल्मेट मांडीवर घेऊन बसला आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिला, तिथे काहीतरी लिहून येईल अशा आशेने. तिथे काही नव्हतं.

मी म्हणाले, "ऊठ. जा. बायको वाट बघतेय तुझी." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, माझं ऐकू का असं विचारल्यासारखं. आईने खांदे उडवले. मी त्याचा दंड धरून ओढला. जड होता. तो उठला नाही.

फोन वाजला. वहिनीचा. त्याने स्क्रीन बघितली आणि फोन आईपुढे धरला.

"तुझा हाय," आई म्हणाली. "तू उचल."

फोन वाजत राहिला. तो बघत राहिला. मग वाजायचा थांबला. मला तेव्हा त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि आईच्याही, आणि त्याच वेळी रडूही येत होतं. मी आत निघून गेले.

वहिनीने पुन्हा फोन केला नाही. महिना संपताच खोली सोडली आणि गणेशपुरीला गेली, बोलली होती तशी. आता रोज तिथूनच येऊनजाऊन लॅब करते. भाऊ घरीच आहे. गावात कुणी विचारलं, का हो, सून दिसत नाही, की आई सरळ मान करून सांगते, "मी कुटं अडवला? त्यालाच इचारा. त्याचं त्यानंच ठरवलं." भाऊ शेजारीच असतो. मान हलवतो.

ती खोटं बोलत नाही. अडवलं नव्हतंच तिने.