नवी काच आणि आंधळा कॅमेरा

ही घटना मला विसरता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मी ती विसरणारही नाही. ग्वाल्हेरचा निवृत्त पोलीस म्हटलं की लोकांना चंबळच्या डाकूंच्या गोष्टी हव्या असतात. मी त्यांना मोटारीच्या पुढच्या काचेची गोष्ट सांगतो. त्यांची तोंडं पडतात, पण माझा इलाज नाही. उभ्या नोकरीत ‘मिटवून टाका’ असं सांगणारे सगळ्यांत जास्त फोन मला या काचेपायी आले. नावं कुणाचीच घेणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

जानेवारी महिना होता. सकाळचे दहा वाजून गेले होते, धुकं विरलं होतं, रस्ता स्वच्छ दिसत होता. थाटीपुरात राहणाऱ्या एका निवृत्त डॉक्टरीणबाईंची गाडी घेऊन त्यांचा ड्रायव्हर एकटाच सिटी सेंटरकडे निघाला होता. बाई तिथं बँकेत होत्या, त्यांना आणायचं होतं. मोकळ्या रस्त्यावर गाडी एकाएकी जागच्या जागी थांबली. मागून स्कूटरवर येणाऱ्या एक शिक्षिका तिच्यावर आदळल्या. त्यांचा पाय दोन ठिकाणी मोडला.

मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्याचा टी.आय., म्हणजे प्रमुख होतो. ड्रायव्हरला माझ्यासमोर आणलं. वय सत्तावन्न, राहणार माधवगंज. त्यांचं घराणं माझ्या घराण्यासारखंच फौजेबरोबर दक्षिणेतून आलेलं आणि इथलंच झालेलं. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही इथं मामाच म्हणतो. तीस वर्षं गाडी चालवूनही त्यांच्या नावावर एक साधी पावती फाटलेली नव्हती.

“मामा, मधोमध ब्रेक का मारला?”

“मारलाच नाही साहेब. गाडी स्वतःच रुकली.”

जबाब लिहून घेणाऱ्या मुन्शीनं पेन खाली ठेवलं. “मामा, गाड़ी है कि घोड़ी?”

सगळं ठाणं हसलं. मीही हसलो. ते हसू मला आजही टोचतं, म्हणून ते इथं मुद्दाम लिहितो.

मग मी मामांना माझ्या पद्धतीनं धुतलं. एकच हकीकत तीन वेळा सांगायला लावली, तिसऱ्यांदा तर शेवटाकडून सुरुवातीकडं. खोटं बोलणारा प्रत्येक वेळी नवा तपशील जोडतो आणि आपल्याकडं बघत राहतो, पटतंय का म्हणून. खरं बोलणारा चिडतो. मामा तिसऱ्या वेळी चिडले. “किती वेळा सांगू? डाव्या कडेला एक ट्रक उभा होता. मी आपल्या लेनमध्ये होतो. डॅशबोर्डवर लाल दिवा चमकला, पीं पीं वाजलं आणि गाडी गपकन थांबली. माझा पाय ब्रेकवर नव्हता!”

डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “हो, तसं फीचर आहे. आरशाच्या मागं कॅमेरा आहे. समोर काही आडवं आलं तर गाडी आपोआप ब्रेक लावते. मुलानं पुण्याहून फोनवर हट्ट केला, म्हणाला आई, हीच घे, सेफ आहे.”

पण समोर आडवं काहीच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझ्याच टेबलाभोवती एक बैठक झाली. विमा कंपनीचा माणूस, शिक्षिकेचे यजमान, डॉक्टरीणबाई आणि मामा. विमावाल्यानं एक ओळ लिहूनच आणली होती: नजरचुकीनं माझा पाय ब्रेकवर पडला. मामांनी खाली सही केली की सगळ्यांचंच काम होत होतं. चूक ड्रायव्हरची, म्हणजे शिक्षिकेच्या उपचाराचा खर्च विम्यातून सरळ निघणार. बाईंची गाडी दुरुस्त होणार. गुन्हा कबूल केला तर कोर्ट बहुधा दंडावर सोडणार, आणि माझी फाइल बंद.

“दंड बाई भरतील, बात खतम,” विमावाला म्हणाला.

“आणि लायसन?” मामांनी विचारलं.

विमावाल्यानं नुसतं पेन पुढं केलं. लायसन काही महिने तरी जाणार होतं. शिक्षिकेचा पाय मोडणारा ड्रायव्हर म्हणून सत्तावन्नाव्या वर्षी त्यांना पुन्हा कुणी गाडीवर ठेवणार नव्हतं, हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि कोर्टाची मर्जी फिरली तर जेल होतीच.

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “मामा, करून टाका ना सही. मी आहे नं.”

“पाय माझा आहे बाई,” मामा म्हणाले. “तो कुठं होता ते मला माहीत आहे.”

शिक्षिकेचे यजमान उसळले. “आपकी ईमानदारी का हम क्या करें? मेरी पत्नी के पैर में रॉड पड़ी है!” त्यांचंही चूक नव्हतं. मामांनी मान खाली घातली, हात जोडले, पण कागद हातानं परत सरकवला. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस खरं बोलत असेल तर आपण सगळे मिळून किती मोठं पाप करायला बसलोय.

तिसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याच्या फोनवर एक आवाज आला. “साहब, उस गाड़ी का शीशा मैंने बदला था। शीशा लगा है, बाक़ी कुछ नहीं हुआ।” फोन बंद. मी रोजनामच्यात नोंद केली: निनावी खबर, वेळ अमुक. तो माणूस कोण हे शोधणं अवघड नव्हतं. मी शोधलं नाही. खबर देणाऱ्याची भाकरी तोडून तपास करणाऱ्यातला मी नव्हे.

डॉक्टरीणबाईंची फाइल मागवली. दिवाळीनंतर आठवड्याभरात झाशी रोडवर एका ट्रकच्या टायरखालचा दगड उडून त्यांची पुढची काच तडकली होती. वर्कशॉपनं ती बदलली, पैसे विमा कंपनीनं दिले. बिलावर काचेखाली आणखी एक ओळ होती, कॅमेरा कॅलिब्रेशन. मी दोन दिवस लोकांना विचारत फिरलो, तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. काच बदलली की तिच्यामागचा कॅमेरा केसभर तरी हलतो. मग गाडी सपाट फरशीवर उभी करून, समोर ठरल्या अंतरावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक फलक लावून, मशीननं त्या कॅमेऱ्याला पुन्हा ‘समोर’ म्हणजे कुठं ते शिकवावं लागतं. त्याला दोन-तीन तास जातात. पूर्वी काच म्हणजे नुसती काच होती, गल्लीतला मिस्त्रीसुद्धा बसवून द्यायचा. आता काच, कॅमेरा, सेन्सर, ही शिकवणी, सगळं मिळून बिल कितीतरी पट होतं आणि आपला प्रीमियमही त्याच्या मागोमाग चढतो. चढू दे! जीव वाचत असेल तर माझी तक्रार नाही. पण मग काम तरी करा.

विम्याच्या सर्व्हेअरला बोलावून विचारलं, “हे काम झालं का, तुम्ही पाहिलंत?”

“फोटो आया, बिल आया, पास कर दिया. उसमें देखने को होता क्या है, साहब?”

हे वाक्य ऐकून माझं डोकं फिरलं. पत्रा चेपला तर दिसतो, रंग उडाला तर दिसतो, गिऱ्हाईक भांडतं. हे काम झालं तरी दिसत नाही आणि नाही झालं तरी दिसत नाही. म्हणून बिल लावणारा बिनधास्त, पैसे देणारा बेफिकीर, आणि शेवटी गळा कुणाचा सापडतो? स्टीअरिंग धरून बसलेल्याचा.

त्याच संध्याकाळी वरून पहिला फोन आला. साधा अपघात आहे, ड्रायव्हरवर चालान लावा आणि मोकळे व्हा. आमच्याकडे आरोपपत्राला चालान म्हणतात. मी म्हटलं, “सर, लेखी द्या. लगेच लावतो.” पलीकडं फोन ठेवल्याचा आवाज. लेखी काही आलं नाही. तसं ते कधीच येत नाही, फोन मात्र येत राहिले. माझ्या निवृत्तीला काही महिने उरले होते. फार तर बदली झाली असती, आणि बदल्यांची पेटी आमच्या घरी कायम भरलेलीच असायची.

सकाळी दोन शिपाई घेऊन वर्कशॉपला गेलो. काचेची इमारत, गिऱ्हाइकांसाठी सोफे, कॉफीचं मशीन. मॅनेजर गळ्यात ओळखपत्र घालून धावत आला. त्यानं रिपोर्ट काढून दिला. त्यावर गाडीचा नंबर होता, तारीख होती आणि खाली ‘सफल’ लिहिलं होतं. ज्यानं काम केलं तो टेक्निशियन सुट्टीवर होता. माझ्या अनुभवात असा माणूस नेहमीच सुट्टीवर असतो.

“ठीक आहे,” मी म्हटलं. “तुम्ही करून दाखवा.”

काम मागच्या खोलीत व्हायचं. खोलीची किल्ली शोधण्यात वीस मिनिटं गेली. रोज वापरातल्या खोलीची किल्ली हरवत नाही, हे मी मनात टिपून ठेवलं. दार उघडलं. आत तो फलक आणि त्याचं घडी घातलेलं स्टँड भिंतीला टेकवून ठेवलं होतं. स्टँडच्या दोन्ही दांड्या एकत्र धरून लाल दोऱ्याचे पाच-सात वेढे घातले होते, वर घट्ट गाठ. आपण पूजेत मनगटाला बांधतो तोच दोरा, इथं त्याला कलावा म्हणतात. शेजारी कुंकवाचं बोट उमटलेलं, आणि गाठीखाली झेंडूच्या वाळक्या पाकळ्या.

माझी पावलं तिथंच थांबली. दसऱ्याला पोलीस लाइनीत आम्ही रायफलींना असाच दोरा बांधतो. वर्षानुवर्षं मी स्वतः बांधला आहे. त्यानंतर ज्या दिवशी पहिल्यांदा रायफल वापरायची, त्या दिवशी तो सोडावा लागतो.

“हे कधी बांधलं?” मी अगदी सहज विचारलं.

मॅनेजर खुलला. “दशहरे पर, साहब! शस्त्रपूजा. हमारे यहाँ सब मशीनों की होती है. मालिक ख़ुद अपने हाथ से बाँधते हैं.” त्यानं अभिमानानं मोबाइलही काढला. फोटोत मालक, निरांजन आणि हेच स्टँड. गाठ तीच, फुलं ताजी.

“काच बदलली दिवाळीनंतर,” मी म्हटलं. “दोरा न सोडता हे स्टँड उघडतं कसं, तेवढं मला दाखवा.”

त्याचा चेहरा उतरला. मग तो एकदम पुढं झाला आणि टेबलावरचं ब्लेड उचलून दोरा कापायला वाकला. मी त्याचा हात धरला. “हाथ मत लगाना. पंच येतील, मग.”

समोरचा टायरवाला आणि शेजारचा चहावाला पंच म्हणून आले. दोऱ्याचा, गाठीचा, पाकळ्यांचा फोटोसह पंचनामा झाला. मोबाइल जप्त केला. मग मशीन चालू करायला लावलं. त्यात केलेल्या कामांची यादी राहते. शेवटचं काम दसऱ्याच्या आधीचं होतं. त्यानंतर एकही गाडी नाही, आणि बिलं मात्र डझनावारी.

मॅनेजर स्टुलावर बसला. “साहब, सब यही करते हैं. तीन घंटे एक गाड़ी में जाएँगे तो बाक़ी गाड़ियाँ कब निकलेंगी?” नवी काच लागल्यावर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला होता, कॅमेऱ्याला नीट दिसत नाही म्हणून. तो यांनी हातातल्या छोट्या यंत्रानं पुसून टाकला. रिपोर्ट दुसऱ्या गाडीचा होता, फक्त नंबर बदललेला. गाडी बिचारी ओरडून सांगत होती आणि यांनी तिचंच तोंड दाबलं.

पुढं बाहेरगावच्या तज्ज्ञानं गाडी तपासली. कॅमेरा डावीकडं वळलेला निघाला. कडेला उभा ट्रक त्याला आपल्याच वाटेत दिसला, म्हणून गाडीनं ब्रेक लावला. मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलेला ट्रक.

मामांचं नाव आरोपीच्या रकान्यातून मी स्वतः काढलं. वर्कशॉपवर फसवणूक, खोटा दस्तऐवज आणि निष्काळजीपणानं इजा केल्याचा गुन्हा दाखल झाला. तो खटला अजून चालू आहे. विमा कंपनीनं आधी हात झटकले, पण तिनंच पास केलेलं बिल शिक्षिकेच्या वकिलानं कोर्टात समोर ठेवल्यावर उपचाराचे पैसे दिले. त्याला वेळ लागला आणि तेवढे दिवस शिक्षिकेचे यजमान माझ्याशी बोलत नव्हते. तो राग मी निमूट सोसला. माझी बदली मात्र झाली नाही. का, ते मला ठाऊक नाही.

या केसनं मला काय शिकवलं? आम्ही पोलीस ब्रेकच्या खुणा मोजतो, साक्षीदार शोधतो, दारूचा वास घेतो. आता गाडीसुद्धा निर्णय घेते, तेव्हा तिचीही चौकशी करावी लागते, आणि तिला हात लावणाऱ्या प्रत्येकाची. दुसरं त्याहून मोठं. जिथं सगळ्यांची सोय एका गरीब माणसाच्या सहीत असते, तिथं तपास अधिकाऱ्यानं खुर्चीवरून उठून उभं राहावं. तिथं बहुधा काहीतरी कुजलेलं असतं.

गाडीचं ते राहिलेलं काम शेवटी दुसऱ्या वर्कशॉपमध्ये झालं. डॉक्टरीणबाईंनी मामांनाच पाठवलं आणि मीही साध्या कपड्यांत बघायला गेलो. फलक उभा राहिला, माप धरलं गेलं, मशीन चालू झालं. मामा गाडीशेजारी हाताची घडी घालून उभे. तिथली मुलगी दोनदा येऊन म्हणाली, “अंकल, वेटिंग रूम में बैठिए ना, एसी है. टाइम लगेगा.”

मामा हलले नाहीत. “लगने दो, बेटा,” ते म्हणाले. “कुछ हुआ तो थाने में मुझे बुलाते हैं.”

तीन तास ते तसेच उभे होते. थोड्या वेळानं मीही त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.