आईचे काळे मणी

चौऱ्याहत्तर साली ऐन उन्हाळ्यात मी गाव सोडलं. एस.टी. स्टँडवर बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली. बाबा चर्चचे पाळक, आणि पाळकाची प्रार्थना म्हणजे दोन मिनिटांचं काम नव्हे. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला, शेवटी कंडक्टरही टोपी काढून उभा राहिला. आईने मात्र कुरडयांचा डबा हातात दिला आणि एवढंच म्हणाली, "गळ्यातलं जप."

गळ्यात माझं मंगळसूत्र होतं. आम्हा नगरकडच्या ख्रिस्ती बायकांचं असतं तसं, काळे मणी आणि मधोमध सोन्याचा छोटा क्रूस. आईचंही तसंच होतं, फक्त तिचा क्रूस झिजून गुळगुळीत झाला होता.

माझे यजमान वसंतराव कुवेतला मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत फिटर होते, मी नर्स. फहाहीलला दोन खोल्यांचा फ्लॅट, हॉस्पिटलची ड्युटी आणि शुक्रवारची सुट्टी. त्यामुळे आमचा रविवार शुक्रवारी यायचा. गावी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्येच, पेटी-टाळावर भजनं म्हणत वाढलेली मी, इथे अबू हलीफाला एका अमेरिकन इंजिनिअरच्या घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत गिटारवर गाऊ लागले. इंजिनिअरची बायको डोना. पहिल्याच दिवशी तिने मला मिठी मारली. परक्या मुलखात आल्यापासून कुणी मिठी मारली नव्हती, मी तिथेच रडले. पुढे थोरल्याच्या वेळी मला टायफॉइड झाला, तेव्हा हीच डोना आठवडाभर माझ्या उशाशी बसून होती. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिला नावं ठेवाल.

त्या घरात प्रत्येकाला आपलं तारण कधी झालं, म्हणजे आपण येशूला कधी स्वीकारलं, त्याची तारीख, वेळ पाठ होती. मला विचारलं तर मी म्हटलं, मी पाळकाची मुलगी. सगळे प्रेमाने हसले. मला मात्र परीक्षेला कोरा पेपर दिल्यासारखं झालं. मग मी पेटून उठले. बाबांचा टाळ, आईची ओवीच्या चालीवरची गाणी, सगळं मला जुनंपुराणं, अर्धवट वाटायला लागलं. एका शुक्रवारी डोनाने माझ्या गळ्याकडे पाहून विचारलं, हे काळे मणी कशासाठी? दृष्ट लागू नये म्हणून, मी म्हटलं. "मग तुझा भरवसा मण्यांवर की येशूवर?" घरी येऊन मी मंगळसूत्र काढलं आणि साबणाच्या डबीत ठेवलं. वसंतराव "तुझी मर्जी" म्हणाले आणि पेपर वाचत बसले.

माझ्यापुरतं ठेवलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण बाटगा मोठ्यांदा बांग देतो म्हणतात ना. मी आईला चार पानी पत्र लिहिलं, बायबलमधल्या वचनांच्या दाखल्यांसकट. आई, काळे मणी ही अंधश्रद्धा आहे, काढून टाक.

आईने पत्र वचनासारखं घेतलं. कुवेतची सिस्टर, इंग्रजीत बायबल वाचणारी लेक चुकेल कशी? पुढचं बाबांनी कळवलं. ते पत्र मला अजून तोंडपाठ आहे. "सकाळी मी ओट्यावर दाढी करीत होतो. तुझी आई मोकळ्या गळ्याने पाण्याला गेली, ते पाहून शेजारच्या भागूबाईंनी हंबरडा फोडला. तासाभरात निम्मं गाव दारात आलं. रीतीप्रमाणे पिठलं-भाकरीही आली. अर्ध्या तोंडाला साबण लावून मी माझ्याच दुखवट्याची भाकरी खाल्ली. पिठलं झकास होतं."

मी खो-खो हसले. मग खालचं वाचलं. "तुझी आई हसली नाही. त्या दिवसापासून ती घराबाहेर पडलेली नाही. देवळातही येत नाही. परत घाल म्हटलं तर म्हणते, लेकीनं देवाचं म्हणून सांगितलंय, कसं घालू? तू सांगितलंस, आता तूच सांग. सलाम."

मी तशीच डोनाकडे गेले, जाब विचारायला. तर ती स्वयंपाकघरात कोपरापर्यंत पिठात, डोळ्यांतून धारा. कणीक मळताना लग्नाची अंगठी कुठे पडली ते कळेना. आम्ही दोघींनी गोळा चिमटी-चिमटीने चाचपला. अंगठी सापडली तशी तिने ती पिठासकट बोटात घातली आणि ओठांना लावली. मी विचारलं, "डोना, भरवसा अंगठीवर की येशूवर?" मग आईचं सगळं सांगितलं. ती खाली फरशीवरच बसली. म्हणाली, "सुशी, मी तुझ्या आईला पाहिलेलंही नाही. मला कुणी अधिकार दिला?"

त्याच दिवशी मी लिहिलं, आई, चुकले, घाल. माझंही डबीतून काढून घातलं. पत्र पोचायला पंधरा दिवस लागले असतील. तेही पंधरा दिवस आई घरातच बसून होती, हे मी विसरलेले नाही.

डोना पुढे अमेरिकेला परत गेली. तिच्या मुलाचा घटस्फोट झाला, तेव्हा तिथल्या मंडळीने, म्हणजे तिच्या चर्चने, सांगितलं, त्याला पंगतीला घेऊ नका. तिने मंडळी सोडली, मुलाला नाही. पत्रात लिहिलं होतं, "आता एका छोट्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते. प्रार्थना करते, उत्तरं देत नाही." मला ती पूर्वीपेक्षा जास्त जवळची वाटली.

पंच्याऐंशी साली बाबा खरोखर गेले. रजा, पासपोर्ट, तिकीट यात चार दिवस गेले, पोचले तोवर माती झाली होती. आई ओट्यावर बसलेली, आणि गळ्यात काळे मणी तसेच. आत बायका कुजबुजत होत्या. आईने मला जवळ बसवलं.

"मागं तू कागदानं सांगितलं, मी काढलं. परत घाल म्हणलीस, घातलं. आता आलीयेस, तर तुझ्या हातानं काढ."

मी तिच्या मानेमागे हात नेला. मंगळसूत्राचा फासा बोटांना लागला. आणि एकदम ध्यानात आलं की डोनाने, मी, गावाने, सगळ्यांनी आईला सांगितलंच होतं. विचारलं कुणीच नव्हतं.

"आई, तुला काय वाटतं?"

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "मला? मला ऱ्हाऊ दे वाटतं. तुझ्या बाबांनी बांधलंय."

"मग राहू दे."

भागूबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या, गळा पाहून दारातच थबकल्या. आई म्हणाली, "या, बसा."

फहाहीलच्या फ्लॅटमध्ये माझी मुलं इंग्रजीत विचारतात, आपलं घर कुठलं? मला तो ओटा दिसतो, आईची मान दिसते, आणि फाशापाशी वेळेवर थांबलेला माझा हात.